इंटरनेटला खाकी कव्हर

सन एकोणीसशे नव्व्याण्णव. मी तेव्हा सदुसष्ट वर्षांचा होतो, साखर कारखान्यातून निवृत्त होऊन घरी बसलो होतो, आणि माझ्या साडूंइतका हळू बोलणारा माणूस मी तोपर्यंत पाहिला नव्हता. पुढंही पाहिला नाही. श्रीरामपूर तालुक्यात नाही, नगर जिल्ह्यात नाही, आणि जिथं मी गेलो नाही तिथंही असा माणूस नसणार, हे मी पैजेवर सांगतो. माझं शिक्षण दुसरी पास आणि तिसरी नापास. तेव्हा कुणाला हे लिहिणं बरं वाटलं नाही तर त्यानं वाचू नये. मी खोडणार नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे मालक. श्रीरामपूरच्या एका जुन्या वाचनालयात त्यांचा उभा जन्म गेला. तिथं भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी होती. बाकीच्या लोकांनी ती पाटी वाचली, साडूंनी ती गिळली. ते घरी कुजबुजायचे, लग्नात कुजबुजायचे, मयतीला तर कुजबुजायचेच, पण बाजारातसुद्धा भाजीवालीच्या कानाशी वाकून भेंडीचा भाव विचारायचे. तीही मग बावचळून कुजबुजतच सांगायची, आणि शेजारच्या गिऱ्हाइकांना वाटायचं, ह्याला गुपचूप काही वेगळा भाव दिला. की लागलं भांडण. एसटीत बसले की कंडक्टरला सांगायचे, 'मला अलीकडच्या फाट्यावर उतरवा.' कंडक्टरला ते ऐकू जायचं नाही आणि गाडी पुढं निघून जायची. साडूंना साईबाबांचं दर्शन जितक्या वेळा घडलं तितक्या वेळा असंच घडलं. शिर्डीला उतरायचे, आता आलोच आहे म्हणून रांगेत उभे राहायचे, आणि प्रसाद घेऊन परत यायचे. कंडक्टरबद्दल कधी तक्रार नाही. केली असती तरी कुणाला ऐकू आली असती?

आणि मी त्यांच्या बरोबर उलटा. माझी नोकरी कारखान्याच्या गव्हाणीपाशी, म्हणजे जिथं उसाच्या मोळ्या पट्ट्यावर पडून चरकाकडं जातात तिथं. हंगामात तिथं शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी नरड्याच्या शिरा ताणाव्या लागायच्या. कान थोडे गेले, आवाज मात्र तसाच राहिला. आम्ही दोघं साडू रस्त्यानं बोलत निघालो की लोकांना फक्त माझं बोलणं ऐकू यायचं. पुष्कळांना वाटायचं, म्हातारा एकटाच भांडत चाललाय आणि शेजारचा तो सज्जन माणूस मुकाट सहन करतोय. खरं तर निम्म्या वेळा तेच मला शिव्या देत असायचे. वाचनालयात पेपर वाचायला गेलो की मला मोठ्यानं वाचल्याशिवाय अर्थ लागत नाही, म्हणून त्यांनी माझ्यासाठी व्हरांड्यात खिडकीशी वेगळं बाकडं टाकून दिलं होतं. गावाला वाटलं साडूचा मान. मला खरं कारण ठाऊक होतं, पण मीही तो मानच धरला.

माझी मेहुणी लवकर गेली. मागं एक लेक ठेवून गेली, वैशाली. ती पोर अर्धी वाचनालयात आणि अर्धी आमच्या घरी, माझ्या बायकोच्या पदराखाली वाढली. साडूंनी दुसरं लग्न केलं नाही. घर स्वतः चालवलं, पण वाचनालयासारखं. फडताळातल्या डब्यांना नंबर घातले, विभाग पाडले. एकदा मी त्यांच्याकडं गेलो, चहाला साखर सापडेना. शेवटी ती धार्मिक विभागात निघाली.

मी म्हणालो, "आवं पाव्हणं, साखर आन् धार्मिक?"

"प्रसादाला लागते, साडूभाऊ," ते म्हणाले. "चहा हा तिचा दुय्यम उपयोग."

त्यांचा दुसरा कायदा देण्याघेण्याचा. एका वाचकाला एक पुस्तक, आणि पहिलं परत आल्याशिवाय दुसरं नाही. हा कायदा त्यांनी सगळ्या जगाला लावला होता. शेजाऱ्यानं माती वाहायची पाटी नेली होती, ती परत येईपर्यंत त्याला कुऱ्हाड दिली नाही. त्याचं जळण आठवडाभर तसंच पडून राहिलं. आणि तिसरं म्हणजे खाकी कव्हर. पुस्तकाला तर घालायचेच, पण घड्याळाला, पाकिटाला, घरातल्या कंगव्यालाही. आमच्या घरचं रेशनकार्ड एकदा पाहायला नेलं, ते खाकी कव्हर, लाल फीत आणि नंबर घालून परत आणलं. रेशन दुकानदारानं ते हातात घेतल्यावर उभं राहून नमस्कार केला. त्याला वाटलं तपासणी आली.

अशा माणसाच्या पुढ्यात त्या वर्षाच्या सुरुवातीला इंटरनेट येऊन पडलं. गावातल्या एका आडत व्यापाऱ्याचा मुलगा परदेशात होता, त्यानं वडिलांच्या नावानं वाचनालयाला कॉम्प्युटर दिला आणि त्याला टेलिफोनची तार जोडून इंटरनेट घेऊन दिलं. समारंभ झाला. अध्यक्षांनी नारळ फोडला आणि हौसेनं ते पाणी यंत्रावर शिंपडायला निघाले. साडू 'पाणी नको, पाणी नको' म्हणत होते, पण नेहमीच्याच आवाजात. कुणी ऐकलं नाही. तेव्हा त्यांनी अंगातला कोट काढून यंत्रावर टाकला आणि स्वतः बनियनवर सत्काराला उभे राहिले. तो फोटो वाचनालयात पुष्कळ वर्षं टांगलेला होता. पाहणाऱ्याला वाटायचं, एवढ्या समारंभात हा पहिलवान कोण?

शिकायला त्यांना नगरला पाठवलं होतं. तिथं शिकवणाऱ्या पोरानं विचारलं, काही शंका? साडूंनी विचारलं की, आमच्या वाचनालयाच्या नियमानं प्रत्येक पुस्तकाच्या ठरलेल्या आतल्या पानावर शिक्का मारावा लागतो, तर इंटरनेटचं ते पान कुठं येतं? पोरगा म्हणे पाणी प्यायला गेला. श्रीरामपूरला परत आल्यावर साडूंनी स्वतःच तोड काढली. शिक्का पडद्याच्या चौकटीवर मारला, माऊसच्या पोटावर मारला, आणि कीबोर्डला खाकी कव्हर घालून त्यावर शाईच्या पेनानं एकेक अक्षर काढलं. रोज बोटं आपटून कव्हर फाटायचं, मग नवं घालायचे. माऊस त्यांनी पहिले काही दिवस चिमणीचं पिलू धरल्यासारखा धरला. तार जोडताना ती मोडेमची पेटी किंचाळायची. आमचा चरक ऊस नसताना फिरला की तसा किंचाळायचा. साडू ओठावर बोट ठेवून तिला 'शूऽऽ' म्हणायचे. थोड्या वेळानं ती गप्प व्हायची. ती जोडणी झाली म्हणून गप्प व्हायची, पण साडूंची खात्री होती की आपण सांगितलं म्हणून. "यंत्र असलं तरी वाचनालयात आलंय. वळण लावावं लागतं," असं मला म्हणाले.

मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "मी ह्याला हात लावनार न्हाई." आजवर लावलेला नाही.

पण बघायला जायचो. कारण साडूंनी इंटरनेटचं वाचनालय करून टाकलं होतं. वाचकानं यावं, नंबर लावावा, चप्पल बाहेर काढावी, एक पान मागावं, पाहावं, आणि ते बंद करून 'परत केलं' असं तोंडानं सांगावं. मगच दुसरं. आणि कधी कधी पान उघडायचंच नाही, पडद्यावर इंग्रजीत यायचं की हे सापडत नाही. साडूंच्या लेखी न सापडणारं असं जगात काही नव्हतंच. न सापडणारं पुस्तक म्हणजे कुणीतरी घरी नेलेलं पुस्तक. ते शांतपणे सांगायचे, "बाहेर गेलंय. मंगळवारी या." कॉलेजातले एक प्राध्यापक ह्यावर फार हसले. त्यांनी पुष्कळ समजावलं की, अहो, इंटरनेटचं पान कुणी घरी नेत नसतं. साडू म्हणाले, "लोक काय काय घरी नेतात, ते तुम्ही मला सांगू नका." प्राध्यापक चिडून गेले आणि मंगळवारी नुसते खिजवायला म्हणून आले. पान उघडलं. त्या दिवसापासून गावात साडूंशी इंटरनेटवरून वाद घालायला कुणी धजलं नाही.

आता खरी गोष्ट. वैशाली नर्स झाली होती आणि मस्कतला एका दवाखान्यात नोकरीला होती. जूनमध्ये एका संध्याकाळी वाचनालयाच्या फोनवर तिचा फोन आला. पेपर वाचणाऱ्यांनी हॉल भरलेला. मी माझ्या बाकड्यावर खिडकीशी. पाहतो तर साडू फोन घेऊन टेबलाखाली वाकलेले, फोनवर हात धरलेला, आणि तोंड तेवढं हलतंय. थोड्या वेळानं फोन ठेवून ते व्हरांड्यात आले. डोळे ओले.

"दिली," म्हणाले.

"काय दिली?"

"परवानगी. वैशूनं मुलगा पसंत केलाय. केरळचा आहे, ख्रिश्चन आहे, त्यांच्याच दवाखान्यात एक्स-रे काढतो. म्हणाली, आप्पा, तुमची परवानगी असेल तरच करीन. मी म्हणालो, हो. सुखी राहा म्हणालो."

मला विचारलं असतं तर मी नाहीच म्हणालो असतो. पण मला कुणी विचारलं नव्हतं, आणि बापानं शब्द दिल्यावर साडूनं तोंड घालायचं नसतं. मी म्हणालो, "एक्स-रे काढतो म्हंजी मानसाच्या आतलं बघतो. बरं हाय."

पुढं पत्राची वाट पाहणं सुरू झालं. साडू रोज पोस्टमनला कानात विचारायचे. जून गेला, जुलै गेला. साडूंनी स्वतः पत्र टाकलं नाही. कारण कायदा. त्यांनी 'हो' दिलेला होता, तो तिच्याकडं होता, तिच्याकडून काही परत आल्याशिवाय दुसरं देता येत नव्हतं. म्हणायचे, "तयारीत असेल." लग्नासाठी म्हणून त्यांनी घराला चुनासुद्धा काढून घेतला.

श्रावणातल्या एका सोमवारी आमच्या दारात एक मुलगी आली. श्रीरामपूरचीच, चर्चमागच्या गल्लीतली, वैशालीबरोबर मस्कतला नर्स होती आणि सुट्टीवर घरी आली होती. चहा प्यायली आणि माझ्या बायकोला म्हणाली, "मावशी, आप्पांनी असं करायला नको होतं."

बायको म्हणाली, "काय केलं गं त्यांनी?"

"वैशालीनं एवढ्या आशेनं विचारलं, तर ते बोललेच नाहीत. गप्पच बसले. ती म्हणते, नाही म्हणाले असते तरी चाललं असतं, भांडले असते तरी चाललं असतं. तिनं मुलाला नकार देऊन टाकला आणि दुसऱ्या गावच्या दवाखान्यात बदली मागून घेतली. त्याच्या आईबापांनी आता गावाकडं मुलगी बघून ठेवलीये. ह्या रविवारी तो निघणार."

बायकोनं कपाळावर हात मारला. मी विचारलं, "नव्या दवाखान्याचा फोन नंबर?" तिला ठाऊक नव्हता. पत्ता? तोही नव्हता, आणि असता तरी रविवारच्या आत पत्र पोचणार नव्हतं. मुलालाच कळवावं म्हटलं तर ती म्हणाली, तो वैशालीच्या तोंडून ऐकल्याशिवाय थांबायचा नाही. तिच्याकडं फक्त वैशालीचा ईमेलचा पत्ता होता. शुक्रवारी तिकडं सुट्टी असते, तेव्हा पोरी कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन टपाल बघतात, म्हणाली. एका चिठ्ठीवर तिनं तो पत्ता लिहून दिला.

मी सायकल काढली आणि वाचनालयात गेलो. व्हरांड्यात थांबलो नाही. भर हॉलमध्ये उभा राहून म्हणालो, "पाव्हणं, तुमचा होकार पोचलाच न्हाई!"

सगळे पेपर खाली आले. साडू म्हणाले, "हळू, साडूभाऊ, हळू."

"ह्या हळूनंच तर घोटाळा केलाय! पोरीला वाटतंय बाप रुसून गप बसला. तिनं लगीन मोडलं!"

साडू खुर्चीवर बसले. तोंडाला कोरड पडली म्हणून पाणी मागायला लागले, तेही कुणाला ऐकू येईना. मीच तांब्या आणून दिला.

मंगळवारी त्यांनी आयुष्यातलं पहिलं ईमेल लिहिलं. त्या यंत्रात मराठी अक्षरं नव्हती, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहावं लागे. एकेक अक्षर कव्हरावर शोधून दाबायचे. दुपार त्यातच गेली. मी म्हणालो, वाचा. ते वाचू लागले: "आपणांस कळविण्यात येते की, आपल्या नियोजित विवाहास निम्नस्वाक्षरीकाराची कोणतीही हरकत नाही. कृपया नोंद घ्यावी."

"ह्याच्यात बाप कुठं हाय?" मी विचारलं.

"निम्नस्वाक्षरीकार."

त्या माणसानं जन्मभर पुस्तकं परत करा म्हणून नोटिसा लिहिल्या होत्या, त्याला दुसरं पत्र कुठलं येणार? मी म्हणालो, जाऊ द्या, अर्थ तर लागतोय. पाठवा. त्यांनी पेटीला शूऽऽ केलं आणि पाठवलं.

बुधवारी संध्याकाळी साडू आमच्या घरी आले ते पेढे घेऊन. धापा टाकत माझ्या बायकोच्या हातात पुडा दिला. "आक्का, पोचलं. वाचून परतसुद्धा केलं तिनं."

"परत केलं म्हंजी?" बायकोनं विचारलं.

"जसंच्या तसं. माझं पत्र माझ्याकडं परत आलं. एक ओळ इकडची तिकडं नाही, कुठं दुमड नाही. वर थोडं इंग्रजी आहे, बारीक, टपालाचे शिक्के असतात तसं. शिक्के कोण वाचतं? आपला नियम तिला लहानपणापासून ठाऊक. वाचलं की परत करायचं."

बायकोनं हातातला पेढा पुड्यात ठेवला. "तिनं त्यात काय लिवलं?"

"काही नाही."

"कायच न्हाई?"

"नाही. स्वच्छ."

बायको उभी राहिली. "दाजी, ती पोर माझ्या हाताखाली वाढलीय. शेजारनीची वाटी माघारी द्यायची झाली तर मी तिला चिमूटभर साखर तरी घालून द्यायला लावायची. काय नसलं तर कढीपत्त्याची डहाळी. रिकामं भांडं ती कुनाला द्यायची न्हाई, आन् बापाला रिकामं धाडील? तिच्या हातातच पडलं न्हाई ते!"

साडू माझ्याकडं बघायला लागले. मला ईमेलमधलं काही कळत नव्हतं, पण वाटीचं कळत होतं. मी म्हणालो, "तिचं खरं हाय."

गुरुवारी सकाळी आम्ही दोघं यंत्रापुढं बसलो. मी म्हणालो, बोल्ट नटात जाईना की आम्ही आटे मोजतो. ती चिठ्ठी धरा आणि तुम्ही पाठवलेला पत्ता धरा. माझ्या काठीच्या टोकानं मी पडद्यावर एकेक अक्षर दाखवत गेलो. मला इंग्रजी येत नाही, पण लांबी दिसते. साडूंचा पत्ता चिठ्ठीतल्या पत्त्याहून वीतभर लांब होता.

"हे पुढं काय जोडलंय?"

"कुमारी," साडू म्हणाले. "त्या मुलीनं नुसतं नाव लिहून दिलं होतं. घाईत राहिलं असेल. बिनलग्नाच्या मुलीला पत्र टाकताना पत्त्यावर कुमारी लिहिल्याशिवाय कसं चालेल? टपाल हाताळणारे काय म्हणतील?"

"आवं, काढा ते!"

"रीत आहे, साडूभाऊ."

"लग्नाला परवानगी धाडताय आन् कुमारी धरून बसलाय! काढा म्हन्तो ना!"

त्यांनी काढलं. एकेक अक्षर काढताना माणूस असा कष्टी झाला, जसा लेकीची सासरी पाठवणी करताना होतो. मग पत्र पुन्हा लिहायला घेतलं. 'आपणांस कळविण्यात' एवढं झालं आणि वीज गेली.

दिवसभर वीज नाही. साडू यंत्रापुढून हलले नाहीत. लोक येऊन गेले, त्यांना त्यांनी पुस्तकं दिली नाहीत, घेतली नाहीत. मी वीज मंडळाच्या हपिसात जाऊन ओरडून आलो. तिथले लोक म्हणाले, बाबा, ओरडून वीज येत नसती. उद्या शुक्रवार. पोरगी कधी दुकानात जाईल आणि कधी निघून जाईल, कोण सांगणार? दिवेलागणीला हॉलमधला दिवा पेटला. साडू म्हणाले, "पुन्हा जाईल." आणि घाईघाईनं लिहायला लागले. नोटीस लिहायला वेळ नव्हता. काय लिहिलं ते मी विचारलं नाही, त्यांनीच पाठवून झाल्यावर सांगितलं. 'वैशू, हो. मी तेव्हाही हो म्हणालो होतो. तुझ्या आईचं मंगळसूत्र ठेवलं आहे, ते तुझंच. आप्पा.' एवढंच.

मी म्हणालो, "आता बाप दिसला."

शुक्रवारी जेवणवेळेला उत्तर आलं. साडू पडद्याकडं तोंड करून आणि माझ्याकडं पाठ करून वाचत होते. ते इतकं हळू वाचत होते की मला पहिल्यांदा काहीच कळलं नाही. मी त्यांच्या खांद्याशी कान नेला. तिनं लिहिलं होतं, आप्पा, मला वाटलं तुम्ही नाही म्हणालात. आता आधी त्याला फोन केला आणि मग तुम्हाला लिहायला बसले. तो जात नाही. त्याच्या घरचे आधी रागावतील, मग येतील. आम्हाला दोघांना एकदम रजा मिळत नाही, म्हणून लग्न इथंच करू, साधं. तुम्ही जेवलात का? मावशीला सांगा, मी तिच्यासारखी पुरणपोळी करते, फक्त फुटते.

साडूंनी ते पुन्हा वाचलं. मग पान बंद केलं, यंत्रावर कापड घातलं, आणि कामाच्या दिवशी भर दुपारी वाचनालयाला कुलूप लावलं. असं त्यांनी बायको गेली त्या दिवशी केलं होतं, त्यानंतर आजच. मी सायकल हातात धरली आणि आम्ही चालत त्यांच्या घरी गेलो. वाटेत ते काही बोलले नाहीत, म्हणजे खरोखरच बोलले नाहीत. ओठसुद्धा हलले नाहीत.

दारात आल्यावर ते थांबले. चुना काढलेली भिंत, पांढरी स्वच्छ. म्हणाले, "लग्न तिथंच म्हणते. मग इथं काही करायचं उरलं नाही, नाही का?"

मी म्हणालो, "पोरगी सुखात पडली. आनखी काय पायजे?"

"तसं नाही. तिची आई जाताना म्हणाली होती, वैशूच्या लग्नात दारात मांडव चांगला मोठा घाला. मी हो म्हणालो होतो." आणि भिंतीवरून हात फिरवत, "तिला तरी ऐकू गेलं असेल का, देव जाणे."

 मी सायकल घेतली आणि घरी आलो.

आता साडू नाहीत. वाचनालय आहे, पण त्यात नवी माणसं आहेत, आणि आमच्या घरातली शाळकरी पोरंसुद्धा खिशातून फोन काढून हवं ते पान उघडतात. कुणी चप्पल बाहेर काढत नाही आणि वाचून झालं की परत केलं म्हणत नाही. वैशाली दर दोन वर्षांनी नवऱ्याला आणि मुलांना घेऊन येते. जावई एवढा उंच आणि साडूंच्या खालोखाल एवढा हळू बोलणारा आहे की मला त्याचं मराठी अजून कळलेलं नाही. साडूंचं आणि त्याचं मात्र फार जमायचं. दोघं ओट्यावर तासन् तास बोलत बसायचे. कोणत्या भाषेत, ते कुणालाच ऐकू आलं नाही. कधी कधी मला व्हरांड्यात एकट्याला बसवत नाही. मग मी मोठ्यानं पेपर वाचतो. आत बसून कुणी 'हळू, साडूभाऊ' म्हणत नाही, म्हणून वाचून झाल्यावरही अर्थ लागत नाही.

पण त्या शनिवारचं सांगायचं राहिलं. शुक्रवारी घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "लग्न कुठं का व्हईना, पोर तर ह्याच दारातली."  दुसऱ्या दिवशी सकाळी उठून अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो, कोयता घेतला आणि पाटाच्या कडेनं निघालो. आंब्याच्या, जांभळाच्या आणि उंबराच्या हिरव्यागार फांद्या तोडल्या. लग्नघरी मांडवडहाळे गाडीतून वाजतगाजत आणायचे असतात, मी ते सायकलच्या मागं बांधले. बाजारपेठेतून जाताना एकानं विचारलं, "कुनाकडं लगीन हाय, बाबा?" मी गावाला ऐकू जाईल असं सांगितलं, "वाचनालयवाल्या आप्पांकडं! पोरीचं!" साडूंच्या दाराशी सायकल लावली, शेजारून शिडी मागून आणली आणि चौकटीला टेकवली. आवाजानं साडूंनी दार उघडलं. त्यांनी डहाळ्यांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "बघत काय ऱ्हायलाय? शिडी धरा." त्यांनी दोन्ही हातांनी शिडी धरली, आणि मी वर चढून उंबराची पहिली डहाळी बांधली.